शनिवारची टोपली, सेंद्रिय भाजी आणि मोखाड्याची गरिबी: खरंच काही फरक पडतो का?

मुलुंडचा_सेक्रेटरी (१८ जुलै, रात्री १०.४०)

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मला शेतीतलं काही कळत नाही, आमच्या घराचा जमिनीशी संबंध आजोबांच्या वेळीच कूळकायद्यात संपला.

तर झालंय असं की आमच्या मुलुंडच्या सोसायटीत गेल्या हिवाळ्यापासून दर शनिवारी पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरून भाजीचा टेम्पो येतो. १७ बायकांचा गट आहे, मधे एक संस्था आहे, आणि आमची ४२ घरं टोपली घेतात. टोपली ४०० रुपये. सध्या दोडका, काकडी, भेंडी, आळू, कधी नाचणीचं पीठ असं येतं. रासायनिक काही नाही असं सांगतात आणि चवीला भाजी खरंच वेगळी लागते, त्याबद्दल तक्रार नाही.

परवा व्हॉट्सॅप ग्रुपवर आमच्या एका सभासदाने टोपलीचा फोटो टाकून लिहिलं की "आपण दर शनिवारी एका आदिवासी कुटुंबाची गरिबी हटवतोय", पुढे पाच नमस्कार आणि तीन झेंडे. ते वाचून बरं वाटायच्या ऐवजी मला कसंतरीच झालं. चारशे रुपयांची भाजी घेऊन गरिबी हटते? की आपण आपलीच पाठ थोपटून घेतोय? तुमच्यापैकी कोणी या भागात काम केलं असेल, शेती करत असेल तर खरं काय ते सांगा. सेंद्रिय शेतीने गरीब माणसाच्या हातात चार पैसे जास्त पडतात का?

दादरकर_आजी

पडत असतील किंवा नसतील, पण तुमच्या त्या संस्थेला सांगा शेवळं, म्हणजे ती पावसाळी रानभाजी, पाठवताना काकडं पाठवत जा. माझ्या भाचीकडे पण अशीच टोपली येते, तिने जूनमध्ये शेवळं केली नुसती, घसा धरून दोन दिवस बसली होती.

कोल्हापुरी_तांबडा

आजी, काकडं म्हणजे काकड्या का?

दादरकर_आजी

काकड्या नव्हे रे मेल्या. काकडाच्या झाडाची आंबट हिरवी फळं, आवळ्यासारखी दिसतात. दादर स्टेशनबाहेर शेवळांच्या जुडीबरोबर बायका वाटाभर देतातच, न मागता. त्यांचा रस पडला की खाज जाते. आणि दांडीच्या खालचा पिवळा भाग काढून टाकायचा, तो खाल्लात तर काकडं पण वाचवणार नाहीत. सोडे घालून शेवळाची कणी करायची, मग या बोलायला.

अॅग्री_८८

मूळ प्रश्नाकडे येतो. बी.एस्सी. अॅग्री आहे, आता नवी मुंबईत खतं सोडून भलत्याच धंद्यात आहे, त्यामुळे कोणाचा पगारी नाही हे आधीच सांगतो.

सेंद्रिय शेतीने उत्पन्न वाढतं हा भाबडेपणा आहे. २०१२ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत जगभरच्या पिकांची तुलना आली होती, त्यात सेंद्रिय पिकाचा उतारा रासायनिकपेक्षा ५ ते ३४ टक्के कमी निघाला, पीक आणि परिस्थितीप्रमाणे. पिकातून नत्र शेताबाहेर जातं, ते परत कुठून तरी यायला हवं ना? शेणाला गुरं हवीत, गुरांना चारा हवा. श्रीलंकेने एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांवर एकदम बंदी घातली, भात पडला, चहा पडला, नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली. गरिबाचं अर्धं एकर म्हणजे प्रयोगशाळा नाही.

शून्य_बजेट

श्रीलंकेचं उदाहरण कोणीतरी देणार हे माहीतच होतं 😄 एका रात्रीत केलं तर कुठलीही गोष्ट पडणारच. सिक्कीमने २००३ मध्ये ठरवलं आणि २०१६ मध्ये पूर्ण सेंद्रिय राज्य जाहीर झालं, मधे तेरा वर्षं गेली ती कोणी सांगत नाही.

आणि शेण गाडाभर लागतं हा पण गैरसमज. 'झिरो बजेट' शेतीवाल्या सुभाष पाळेकर गुरुजींचं जीवामृत बघा: एकराला १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, किलो-दोन किलो गूळ, तेवढंच बेसन, बांधावरची मूठभर माती, २०० लिटर पाणी. सावलीत ठेवून रोज ढवळायचं. एका गायीवर काम भागतं. आमच्या विदर्भातला माणूस, पद्मश्री मिळाली २०१६ ला, पण आपल्याकडे घरचं ते कोंबडं.

अॅग्री_८८

१० किलो शेणात नत्र किती असतं ते एकदा कागदावर मांडून बघा, मग बोलू.

शून्य_बजेट

ते खत नाहीच, विरजण आहे. विरजणात दूध किती असं विचारता का तुम्ही?

कोल्हापुरी_तांबडा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. सेंद्रिय मक्याचे.

वऱ्हाडी_ठेचा (डोंबिवलीहून)

भाऊ, तुम्ही दोघं भांडा, मी आमच्या घरचं सांगतो. बाबांची सात एकर, यवतमाळ जिल्हा. २०१७ ला आमच्याकडे फवारणीत विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, पेपरात आलं होतं सगळं, त्यात बहुतेक मजुरीनं फवारणारी. आमच्या घरी फवारायला येणारा गडी पण आठ दिवस सरकारी दवाखान्यात होता, त्याला डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. तो वाचला. पण त्या दिवसापासून बाबांनी पंप अडगळीत टाकला अन् दोन एकरावर सेंद्रिय कापूस लावला.

पयल्या वर्षी निम्मा कापूस. दुसऱ्या वर्षी त्याहून थोडा बरा. आता तो विकायला नेला तर व्यापारी म्हणे, काका, कापूस पांढरा आहे ना, मग झालं, भाव तोच. बाबांकडे कागद नव्हता ना कुठला. सर्टिफिकेट काढायचं तर खर्च, अन् एकट्या माणसाला तर परवडतच नाही. तिसऱ्या वर्षी बाबांनी कापूस सोडला, तूर ठेवली. तूर आजही बिनफवारणीची आहे, घरी खातो अन् डोंबिवलीत माझ्या ऑफिसातले वीसेक जण घेतात.

म्हणजे माझं म्हणणं काय, की बाबा एकटे होते. गाव हसलं त्यांना. दहा जण मिळून असते तर जिनिंगवाल्याशी बोलता आलं असतं.

कागदी_वाघ

ठेचाभाऊ, त्या कागदाचा एक स्वस्त मार्ग आहे, फार लोकांना माहीत नाही. निर्यातीसाठी लागतं ते त्रयस्थ संस्थेकडून तपासणीवालं महाग प्रमाणपत्र वेगळं. देशातल्या विक्रीला पीजीएस, म्हणजे सहभागी हमी पद्धत, चालतं. त्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट करायचा, आणि गटातलेच एकमेकांच्या शेताची पाहणी करतात, शपथ घेतात, वही ठेवतात. बदलाच्या काळात 'ग्रीन' शिक्का, तो काळ पुरा झाला की 'ऑरगॅनिक'. केंद्राची परंपरागत कृषी विकास योजना २०१५ पासून आहे ती याच गटांवर उभी आहे. आपल्या राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचं सेंद्रिय शेतीचं मिशन २०१८ पासून.

कागदावर हे छान आहे. प्रत्यक्षात गट किती चालतात आणि अनुदान संपल्यावर किती उरतात, हा प्रश्न मी सरकारी नोकरीत असल्यामुळे विचारत नाही.

केतकी_पान

म्हणजे शेजारणीने शेजारणीला सर्टिफिकेट द्यायचं? आमच्या बिल्डिंगमध्ये असं केलं तर पहिल्या आठवड्यात मारामाऱ्या होतील.

पाड्यावरचा

केतकीताई, पाड्यावर तेच तर चालतं. शेजारणीच्या शेतात युरियाची गोणी गेली तर ती लपत नाही, दहा मिनिटांत सगळ्यांना कळतं. इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येणार, शेजारीण रोज पाण्याला जाताना बघते.

मी जव्हार-मोखाड्यात दहा वर्षं काम केलंय, आता ठाण्यात असतो. सेक्रेटरीसाहेब, तुमचा प्रश्न चांगला आहे पण थोडा बाजूने विचारलात असं मला वाटतं. मोखाड्यातल्या माणसाला भाजीत किती मिळतात यापेक्षा दिवाळीनंतर तो कुठे असतो ते विचारा.

भात-नागली-वरई कापून झाली, दिवाळी झाली की पाडे रिकामे होतात. माणसं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर, रेतीवर, बिल्डिंगच्या साइटवर जातात. ते त्याला 'जगायला जाणं' म्हणतात. पोरं बरोबर, शाळा बंद. परत येतात शिमग्याला, नाहीतर थेट पावसाच्या तोंडावर. आणि जायचं ठरतं ते दिवाळीत नाही, त्याच्या आधीच, गणपतीच्या आसपास, जेव्हा घरातलं धान्य संपलेलं असतं आणि नवं यायला महिना-दीड महिना असतो. त्या वेळी भट्टीचा मुकादम उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, देतो. मी होतो तेव्हा जोडप्याला दहा-पंधरा हजार द्यायचे. एकदा उचल घेतली की भट्टीवर जावंच लागतं, आणि हिशोब मुकादमाच्या वहीत. हजार विटांमागे किती आणि खाडे किती हे शेवटी तोच सांगणार.

१९९२-९३ ला वावर-वांगणीचे कुपोषणाचे मृत्यू गाजले तेव्हापासून तिथे खूप संस्था आल्या. बायफ या संस्थेने वाडी लावून दिली, एकरभरात आंबा-काजू आणि कुंपणाला जंगली झाडं. झाडं जगली तिथे लोक उन्हाळ्यात घरी राहायला लागले कारण झाडाला पाणी घालायला माणूस लागतो. काहींनी मोगरा लावला, तो रोज दादरच्या फुलबाजारात जातो, तुम्ही देवाला वाहता त्यातला काही विक्रमगड-जव्हारचा असेल. यात सेंद्रिय-रासायनिक हा मुद्दा कोणाच्या डोक्यातही नव्हता. ताजा पैसा कधी हातात येतो, हाच मुद्दा.

दादरकर_आजी

तरीच म्हटलं मोगऱ्याचा भाव एवढा का.

डहाणूफास्ट

सगळं वाचलं. मी स्वतः वारली, घर विक्रमगडकडे, अंधेरीत कुरिअरच्या ऑफिसात आहे. तुमच्यापैकी कोणाच्या मनात वाईट नाही हे कळतं पण दोन गोष्टी बोलतो, राग मानू नका.

एक. 'सेंद्रिय' हा शब्द आमच्या घरात मी शाळेतून आणला. माझी आजी राब भाजायची, पालापाचोळा, शेणी, फांद्या पसरून पेटवायचे आणि त्या राखेवर भाताचं रोप टाकायचे, बियाणं राख लावून कणगीत. युरिया टाकला नाही कारण घ्यायला पैसे नव्हते. तेव्हा त्याला कोणी सेंद्रिय म्हणून ४०० रुपये दिले नाहीत, मागासलेले म्हणायचे. माझ्या बापाने पहिल्यांदा युरिया टाकला तेव्हा भात हिरवागार झाला होता आणि तो चार दिवस बांधावर उभा राहून बघत होता. तो आनंद खोटा नव्हता. त्यामुळे अॅग्रीसाहेब बोलतात ते मला उगाच वाटत नाही.

दोन. गट गट म्हणता. आमच्या पाड्यावर गट आहे, चांगला चाललाय. पण गटात यायला जमीन लागते. खालच्या वाडीवर कातकरी आहेत, त्यांना दळी (कसायला मिळालेला वनजमिनीचा तुकडा) नाही, पट्टा नाही, वनहक्काचा अर्ज करून वर्षं झाली. सगळ्यात गरीब तेच आणि गटात एकही नाही. दादरला-ठाण्याला शेवळं, कंटोळी, कोरल घेऊन बसतात त्यात त्या बायका असतात. आजी, तुम्ही घासाघीस करता ना त्यांच्याशी?

दादरकर_आजी

करते रे. म्हणजे करायचे. पुढल्या वेळेला नाही करणार.

अॅग्री_८८

डहाणूफास्ट, आभार. बांधावर उभा राहिलेला बाप मला पण माहीत आहे, माझाच होता.

मुलुंडचा_सेक्रेटरी

बापरे, एवढं अपेक्षित नव्हतं. काल संस्थेच्या मुलाला फोन करून हिशोबच विचारला, त्यानेही न लाजता दिला. ४२ टोपल्या गुणिले ४०० म्हणजे १६,८००. टेम्पो जाऊन-येऊन ५,५००. संस्था १० टक्के घेते, १,६८०. पिशव्या, वाया गेलेला माल वगैरे ८०० धरा. उरले ८,८२०. सतरा बायका. म्हणजे बाईमागे आठवड्याला सरासरी ५१९ रुपये.

कोल्हापुरी_तांबडा

गरिबी हटली हो! टेम्पोवाल्याची.

केतकी_पान

मला हसू पण आलं आणि लाज पण वाटली. ५१९ रुपये म्हणजे माझं दोन वेळचं ऑनलाइन मागवलेलं जेवण.

पाड्यावरचा

महिन्याला दोन हजार होतात हो, तेही बाईच्या हातात, आणि घरी राहून. कमी समजू नका. पण टेम्पोचं बघा. मोगऱ्याच्या जीपा रात्री निघतात दादरला, त्यातल्या कोणाशी बोलून शनिवारी भाजीचे क्रेट टाकता येतील का? शेजारच्या दोन सोसायट्या मिळाल्या तरी त्याच भाड्यात दुप्पट टोपल्या येतील.

लातूरची_लेक

मी गोरेगावात, माहेर लातूरकडे. २०१५-१६ चा दुष्काळ आठवतो ना, रेल्वेने पाणी आलं होतं. त्या भागात स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेने बायकांबरोबर एक एकराचं काम केलंय. बाईने नवऱ्याकडे, सासऱ्याकडे भांडून एक एकर मागायचं, कुठे अर्धंच मिळतं, आणि त्यात सोयाबीन-ऊस नाही, घरी खायचं पिकवायचं, डाळी, भाज्या, ज्वारी, बिनरासायनिक. माझ्या चुलतीला अर्धा एकर मिळाला तो पण मुरमाड कोपरा, काका म्हणाले घे, तिथे काहीच येत नाही. तिने तिथे मूग, मटकी, वांगी, शेपू काढला. विकायला फार नाही गेला. पण किराण्याची उधारी बंद झाली, आणि पुढच्या वर्षी बी शेजारणींना दिलं, वाटीला वाटी. कमाई किती झाली असं विचारलंत तर ती सांगणार "काही नाही". दुकानदाराच्या वहीत तिचं पान कोरं आहे एवढंच ती दाखवते.

बियाणं म्हटलं की आपल्या अकोल्याच्या, म्हणजे नगरकडच्या अकोल्याच्या, राहीबाई पोपेरे आठवतात. कोंभाळण्याच्या. देशी बी जपून वाटलं, २०२० ची पद्मश्री. त्या पण एकट्या नाहीत, बायकांचे गटच आहेत मागे.

कोल्हापुरी_तांबडा

आता सिरियस होतो जरा. आमच्याकडे इर्जिक असायची. एकाचं रान नांगरायचं राहिलं की गावातल्या पाच-सहा बैलजोड्या त्याच्या शेतात, मजुरी नाही, फक्त जेवण, आणि जेवण म्हणजे जेवण. ट्रॅक्टर आला आणि इर्जिक गेली. आता शेजाऱ्याचा ट्रॅक्टर पण तासावर भाड्याने घ्यायचा. रासायनिकने मातीचं काय केलं ते माहीत नाही, पण कोणाची गरजच उरली नाही एकमेकांना, हे मात्र झालं.

अॅग्री_८८

इर्जिकीला बोलावणारा कोण आणि इर्जिकीत न बोलावता राबणारा कोण, हे पण आठवा जरा. जुन्या गावाचं फार कौतुक नको.

डहाणूफास्ट

+१. आमच्याकडे लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको सावकाराकडे लग्नगडी म्हणून राबायचे. १९४५ ला वारल्यांनी उठाव करून ते मोडलं. वेठबिगारीविरुद्ध कायदा १९७६ चा. आणि भट्टीची उचल अजून आहेच, नाव बदललं फक्त.

घाटकोपर_लायब्ररी

इतका वेळ वाचत होते. उचलीवरून एक सांगावंसं वाटतं. तेलंगणात झहीराबादच्या भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी आहे, १९८३ पासून, गरीब दलित बायकांचे संघम, म्हणजे गावोगावचे गट. तिथे मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कर्ज. पडीक जमीन लागवडीला आणायला शेतकऱ्याला पैसे दिले आणि फेड ज्वारीत घेतली. ती ज्वारी गावातच साठवली आणि गावातल्याच सगळ्यात गरीब घरांना स्वस्तात दिली. सगळ्यात गरीब कोण हे तहसीलदाराने नाही ठरवलं, गावाने एकत्र बसून ठरवलं. ज्यांना जमीन नाही ते पण त्यात आले, खाणारे म्हणून. डहाणूफास्ट यांनी कातकऱ्यांचं म्हटलं त्याला हे एक उत्तर असू शकतं, पूर्ण नसेल.

तर मला वाटलं, तुमच्या ४२ घरांनी आगाऊ पैसे दिले तर? मुकादम देतो त्याच वेळी, गणपतीच्या आधी. आणि फेड भाजीत.

पाड्यावरचा

ताई, अगदी हेच लिहायला आलो होतो, तुम्ही आधी लिहिलंत. पण दान म्हणून देऊ नका. वहीत मांडा.

शून्य_बजेट

आणि दोडका एवढाच लांब हवा, भोपळा वाकडा नको असल्या अटी घालू नका म्हणावं.

मुलुंडचा_सेक्रेटरी (१९ ऑगस्ट)

धागा वर काढतोय. परवा आम्ही पाच जण पाड्यावर जाऊन आलो. कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे खोडाळ्याच्या बाजूने जीप, पाऊस असा की पुढचा रस्ताच दिसेना.

ज्यांच्या ओटीवर बसलो त्यांच्या घरात चुलीच्या वर मक्याची कणसं टांगलेली, धुराने काळी झालेली, ती बियाण्याची. अंगणात निळा ड्रम, जीवामृताचा, वर गोणपाट. वास येईल म्हणून मी तोंडावर रुमाल धरला होता, तसा वास नव्हताच, ताकासारखा आंबूस होता, सगळ्या बायका हसल्या. हिशोबाची वही एका विशीतल्या सुनेकडे, बारावी झालेली. तिने आमच्या सोसायटीचं पान उघडून दाखवलं: कुठल्या शनिवारी किती दुधी परत आले आणि कारण काय. "वाकडा." "लांब." एकदा नुसतं "आवडला नाही." मला विचारते, काका, दुधी सरळ असला की चव वेगळी लागते का? काय सांगणार.

आगाऊ पैशाचं काढलं तर पटकन हो म्हणाल्या नाहीत. आपसात बराच वेळ बोलल्या, आम्हाला सगळं कळलं नाही. मग त्या सुनेने सांगितलं: दोन महिन्यांचे द्या, जास्त नको, जास्त घेतले आणि पाऊस बिघडला तर फेडता येणार नाही. आणि पैसे गटाच्या खात्यावर द्या, एकेकीच्या हातात नको, कारण घरात माणसं आहेत 🙂

सोसायटीत मीटिंग घेतली. ४२ पैकी १९ जण तयार. १९ घरं, ८ आठवडे, ४०० प्रमाणे ६०,८०० रुपये. बाकीच्यांपैकी एकाने विचारलं गॅरंटी काय. आमच्या मजल्यावरच्या एक काकू आहेत, पेन्शनवाल्या, त्या म्हणाल्या बिल्डरला वीस लाख दिले होते तेव्हा कुठली गॅरंटी घेतलेली? त्यावर शांतता.

कोल्हापुरी_तांबडा

काकूंना इथे सभासद करून घ्या.

कागदी_वाघ

वाकड्या दुधीचं पान कोणीतरी फ्रेम करा.

अॅग्री_८८

बरं केलंत. एक फुकटचा सल्ला: त्यांना म्हणावं भातानंतर वाल, हरभरा घ्या जमिनीत उरलेल्या ओलीवर, नत्र पण बसेल आणि विकायला पण होईल. जीवामृत टाकतात तर टाकू देत, ताक समजून.

शून्य_बजेट

विरजण 😄 शेवटी मानलंत.

मुलुंडचा_सेक्रेटरी (५ डिसेंबर)

बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं म्हणून लिहितोय. दिवाळी होऊन गेली. सतरा घरांपैकी अकरा पाड्यावरच आहेत, सहा भट्टीवर गेली. त्या सहांतल्या दोन घरांनी आपले पण पैसे घेतले होते आणि मुकादमाची उचल पण. सोसायटीत यावरून बरंच वाजलं, "फसवलं" वगैरे शब्द वापरले गेले. गटाने त्या दोघींच्या वाटणीची भाजी इतर बायकांकडून भरून दिली, एकही शनिवार चुकला नाही, पण ते ऐकून घ्यायला लोक थांबले नाहीत. सहा जणांनी टोपली बंद केली.

मोगऱ्याच्या जीपवाल्याशी जमलं नाही, तो म्हणे भाजीच्या पाण्याने फुलं काळी पडतात. शेजारची एक सोसायटी मात्र आली, ३१ घरं. टेम्पो तोच.

डहाणूफास्ट

दोन घरांनी दोन्हीकडून घेतले कारण दोन्ही मिळून पण पुरत नव्हते, एवढं साधं आहे. घरात आजारपण असेल नाहीतर लग्न. मी स्वतः दोन ठिकाणचे हप्ते भरतो, मला कोणी फसवा म्हणत नाही.

केतकी_पान

आम्ही घेऊ का त्या सहांच्या जागी? मी भांडुपला आहे, टेम्पोला मुलुंडहून थोडंच पुढे यावं लागेल. आमच्या विंगमधून आठ तरी निघतील. वाकडे दुधी आमच्याकडे पाठवा.

मुलुंडचा_सेक्रेटरी

घेऊया की. नंबर व्यनि करा. आणि डहाणूफास्ट, तुमच्याकडच्या कातकरी बायकांशी मोखाड्यातल्या गटाचं काही जुळतं का बघाल? गटाची सून म्हणत होती पावसाळ्यात रानभाज्या टोपलीत घालायच्या तर त्या गोळा करणाऱ्यांकडूनच विकत घेऊ, स्वतः तोडायला नको. त्यांच्या पाड्याजवळ पण एक कातकरी वाडी आहे, पण बोलायला कोणीतरी मधे हवं म्हणे, भाव ठरवताना.

डहाणूफास्ट

मोखाड्यात माझी मावशी दिलीय. विचारतो. भाव मात्र वाडीवरच्या बायका सांगतील तो.

दादरकर_आजी

जमलं तर जूनमध्ये माझ्या नावे चार जुड्या शेवळं लिहून ठेवा. मी मुलुंडला येऊन नेईन. काकडं वेगळ्या पिशवीत, चिरडू नका.

मुलुंडचा_सेक्रेटरी

लिहिलं आजी. काकडांचे पैसे वेगळे पडतील.

दादरकर_आजी

देते.